बर्फाच्या कमानीआडचं पाणी

ग्रीनलँडच्या वायव्य टोकाला कानाक नावाचं गाव आहे. वस्ती सहाशेच्या आसपास. ऑक्टोबर सरता सरता तिथे सूर्य मावळतो, तो थेट फेब्रुवारीच्या मध्याला पुन्हा डोकं वर काढतो. या लांबलचक रात्रीत पारा उणे तीसच्याही खाली घसरतो. जमीन, खाडी, समुद्र सगळं एकसलग पांढरं होऊन जातं. किनारा कुठे संपला आणि समुद्र कुठे सुरू झाला, हे परक्या माणसाला कळूही नये. आणि अशा या गोठलेल्या मुलखात समुद्राचा एक भलामोठा पट्टा उघडा राहतो. काळंभोर पाणी, त्यावर हलणाऱ्या लाटा, आणि पाण्यातून वर चढणारं दाट धुकं.

विल्यम बॅफिन या इंग्रज दर्यावर्दीचं जहाज १६१६ साली इथे पोचलं होतं. पुढे देवमाशांच्या शिकारीला येणारे खलाशी या पाण्याला ‘नॉर्थ वॉटर’ म्हणू लागले. थंडीतही न गोठणाऱ्या अशा जागेला शास्त्रज्ञ ‘पॉलिन्या’ म्हणतात. आर्क्टिकमध्ये पॉलिन्या बऱ्याच आहेत, पण कॅनडाचं एल्झमिअर बेट आणि ग्रीनलँड यांच्यामधली ही पॉलिन्या सगळ्यांत मोठ्यांपैकी एक. भर हिवाळ्यात ती आकसलेली असते. वसंतात पसरत पसरत सुमारे ८५,००० चौरस किलोमीटरपर्यंत जाते, म्हणजे पाव महाराष्ट्राहूनही मोठी होते. ग्रीनलँडचे मूलनिवासी इनुइट तिला पिकिआलासोरसुआक म्हणतात.

एवढ्या थंडीत हे पाणी गोठत कसं नाही? खरं सांगायचं तर ते गोठतं. सारखं गोठतच असतं. पण गोठलेलं तिथे टिकत नाही.

नकाशात पाहिलं तर या पाण्याच्या उत्तरेला नेअर्स सामुद्रधुनी दिसते. ग्रीनलँड आणि एल्झमिअर बेट यांच्यामधली ही सुमारे पाचशे किलोमीटर लांबीची चिंचोळी वाट. आर्क्टिक महासागरातला जुना, जाडजूड बर्फ याच वाटेने दक्षिणेकडे रेटा देत येतो. पण हिवाळ्यात एका अरुंद जागी त्याचे प्रचंड तुकडे एकमेकांत अडकून बसतात आणि दोन्ही किनाऱ्यांना टेकलेली एक वक्र भिंत तयार होते. जुन्या गावाच्या वेशीवरची दगडी कमान कशी उभी असते? दगडाला दगड रेटतो, आणि वरून जितका भार येईल तितकी ती घट्ट बसते. हेही तसंच. उत्तरेकडून बर्फ जितका जोर लावेल तितकी ही कमान पक्की होते. एकदा ती धरली की वरचा बर्फ खाली येणं बंद. कमानीच्या दक्षिणेला मात्र वारा आणि प्रवाह आपलं काम चालूच ठेवतात. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला की वारा तो पुढे ढकलून नेतो, आणि त्याची जागा घ्यायला वरून काही येत नाही. पूर्वेकडच्या बाजूला ग्रीनलँडच्या किनाऱ्याने वर चढणारा जरा उबदार प्रवाहही हातभार लावतो. पण मुख्य कारागिरी कमानीची. बर्फाने बर्फाला अडवून राखलेलं हे उघडं पाणी आहे, आणि हे एकदा समजलं की नकाशावरच्या त्या निळ्या ठिपक्याकडे पूर्वीसारखं पाहता येत नाही.

ही कमान साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात कधीतरी धरते आणि जून-जुलैत फुटते. या काही महिन्यांवर एक अख्खी दुनिया उभी आहे.

आर्क्टिक समुद्रात इतरत्र वसंतातलं ऊन बर्फावर आणि हिमावर पडून परत फिरतं, पाण्यात शिरतच नाही. इथे मात्र सूर्य वर आला की ऊन थेट पाण्यात उतरतं. खालून पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येत असतंच. ऊन आणि खाद्य दोन्ही एकदम मिळाल्यावर सूक्ष्म शैवाल फुलायला वेळ लागत नाही. आसपासचा समुद्र अजून झाकलेला असतानाच इथे हिरवी पालवी फुटलेली असते. त्या शैवालावर ताव मारायला कोपेपॉड वर येतात. तांदळाच्या कणीएवढे, अर्धपारदर्शक, चरबीने भरलेले हे जीव हिवाळाभर खोल अंधारात निपचित पडून असतात आणि बरोबर याच सुमारास पृष्ठभागाकडे निघतात. कोपेपॉडमागे ध्रुवीय कॉड मासा, त्यामागे सील, सीलमागे पांढरं अस्वल. शिवाय वॉलरस, बेलुगा, नारव्हाल आणि शतकभराहून अधिक जगणारा बोहेड देवमासा. या सगळ्यांना श्वास घ्यायला वर यावं लागतं आणि इथे वर आलं की हवा हमखास मिळते.

पण या साऱ्यात मला थक्क करतो तो एक चिमुकला पक्षी. लिटल ऑक. मुठीत मावेल इतका, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, वर काळा, खाली पांढरा. मे महिन्यात हे पक्षी दक्षिणेकडून परततात आणि ग्रीनलँडच्या किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांच्या उतारांवर, फटीफटींतून घरं करतात. त्यांच्या संख्येचा अंदाज आहे तीन कोटींहून अधिक जोड्यांचा. जगातल्या एकूण लिटल ऑकपैकी बहुतेक सगळे या एका पाण्याच्या काठावर. आणि एक पक्षी दिवसाला कोपेपॉड खातो किती? शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा आकडा सुमारे साठ हजारांवर गेला. घशाखालच्या पिशवीत हा चारा भरून पक्षी पिल्लाकडे परततो, रिकामा होतो, पुन्हा समुद्राकडे.

एवढे पक्षी एवढं खाणार म्हणजे त्यांची विष्ठाही तेवढीच पडणार. ती पडते त्या उतारांवर गवत आणि शेवाळ तरारून येतं. आजूबाजूला नुसता राखाडी दगड आणि मधोमध हिरवेगार पट्टे. त्या हिरवाईवर ससे, हंस-बदकं आणि कस्तुरी बैल चरतात, कोल्हे पक्ष्यांच्या अंड्यांवर डोळा ठेवून फिरतात. समुद्रातलं सत्त्व असं पंखांवरून जमिनीवर येतं.

या उतारांवर माणूसही येतो. इथल्या इनुइटांना इनुघुइट म्हणतात. लांब काठीच्या टोकाला गोल जाळी बांधलेली असते. दगडांच्या आडोशाला बसायचं आणि वाट पाहायची. पक्ष्यांचा थवा समुद्रावरून वळून उताराला लगटून खाली येतो, त्या क्षणी काठी वर जाते आणि उडता पक्षी जाळीत येतो. घरची म्हातारी माणसं, बायका, मुलं सगळेच या कामात तरबेज. सराईत हाताला एका दिवसात शेकड्यांनी पक्षी मिळतात. मग त्यांचं एक खास पक्वान्न होतं, किवियाक. सीलचं अख्खं कातडं आतल्या चरबीच्या थरासकट घ्यायचं, त्यात तीनशे, चारशे, कधी पाचशे पक्षी पिसांसकट ठासून भरायचे, दाबून हवा काढायची, शिवून टाकायचं, शिवणीवर चरबी चोपडायची आणि दगडांच्या ढिगाखाली काही महिने मुरत ठेवायचं. बाहेर काळोख आणि थंडीने सगळं बंद पडलेलं असताना, कुणाच्या वाढदिवसाला किंवा लग्नाला, हे कातडं उघडलं जातं. उन्हाळ्यातल्या एका उताराची समृद्धी ऐन हिवाळ्यात ताटात येते. परक्या नाकाला त्याचा वास सोसत नाही, म्हणून बाहेरच्या लोकांनी किवियाकला विचित्र पदार्थांच्या यादीत टाकलं आहे. मला ती यादी फार उथळ वाटते. जिथे काही पिकत नाही तिथे चार महिन्यांच्या रात्रीची बेगमी कशी करावी, याचं हे उत्तर आहे आणि ते पिढ्यान् पिढ्या पारखून घेतलेलं आहे.

किती पिढ्या? समुद्रतळाचा गाळ आणि किनाऱ्यावरच्या तळ्यांतली माती हे सांगू शकतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या गाळाचे थर वाचले गेले. सुमारे ४,४०० ते ४,२०० वर्षांपूर्वी ही पॉलिन्या जोमात आली, पक्ष्यांच्या वसाहती वाढल्या आणि नेमक्या त्याच काळात ग्रीनलँडमध्ये माणसाचं पाऊल पडलं. पुढे, सुमारे २,२०० ते १,२०० वर्षांपूर्वीच्या काळात, पाण्याचा हा जोम अचानक ओसरला. जीवजाती बदलल्या, आणि माणसंही हा मुलूख सोडून गेली. मग पुन्हा पाणी सावरलं, पुन्हा माणसं आली. आजच्या इनुइटांचे पूर्वज अलास्काच्या बाजूने पूर्वेकडे सरकत इथे आले ते आठेकशे वर्षांपूर्वी. गाळातली ही नोंद वाचताना अंगावर काटा येतो. कारण ती केवळ इतिहासाची नोंद नाही. कमान डळमळली तर पुढे काय होतं याचा दाखला ती आधीच देऊन ठेवते.

कमानीचा बर्फ पाणी उघडं ठेवतो, तसाच तो दोन किनारे जोडतोही. सामुद्रधुनीवर बर्फ धरला की कुत्र्यांची गाडी घेऊन एल्झमिअर बेटावरून ग्रीनलँडला जाता येतं. ग्रीनलँडमध्ये माणूस आला तो याच वाटेने. आणि या वाटेवरची एक कहाणी आजही कानाकच्या घराघरांत माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅनडाच्या बॅफिन बेटावर कित्लार्सुआक नावाचा एक अंगाकोक, म्हणजे शमन, राहत होता. समुद्रापलीकडे आपल्यासारखीच माणसं आहेत असं त्याला कळलं आणि तो चाळीसेक जणांना घेऊन उत्तरेकडे निघाला. हा प्रवास काही वर्षं चालला. काही जण अर्ध्यातून परतले. उरलेले अखेर बर्फ ओलांडून ग्रीनलँडला पोचले आणि तिथे त्यांना इनुघुइट भेटले. या इनुघुइटांकडे तेव्हा कायाक नव्हती. धनुष्यबाण नव्हते, मासे मारायचा तीन टोकांचा भालाही नव्हता. पूर्वी हे सगळं त्यांच्याकडे होतं. पण साथीच्या रोगात जाणती माणसं गेली आणि त्यांच्याबरोबर विद्याही गेली, असं सांगितलं जातं. १८१८ मध्ये जॉन रॉस या ब्रिटिश कप्तानाला ही माणसं भेटली तेव्हाही त्यांच्याकडे होड्या नव्हत्या. जगातल्या सर्वांत समृद्ध पाण्यांपैकी एकाच्या काठावर राहणारी माणसं, आणि पाण्यात उतरायला होडी नाही. पलीकडून आलेल्या या पाहुण्यांनी त्यांना कायाक पुन्हा बांधायला शिकवली, धनुष्यबाण आणि मासेमारीचा भाला दिला. सोयरिकी जुळल्या. म्हातारपणी कित्लार्सुआकला आपल्या मुलखाची ओढ लागली, तो परत निघाला आणि वाटेतच गेला. आज कानाक परिसरातली कित्येक घराणी आपलं मूळ या पाहुण्यांपर्यंत नेतात.

ती कायाक आजही इथल्या शिकारीच्या केंद्रस्थानी आहे, आणि ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. नारव्हाल हा एका लांब, पिळदार दाताचा देवमासा. नराचा दात तीन मीटरपर्यंतही वाढतो. तो दीड किलोमीटरपेक्षा खोल बुडी मारतो आणि काळोख्या पाण्यात आवाजाच्या आधाराने वावरतो, त्यामुळे त्याचे कान विलक्षण तिखट. कानाकजवळच्या फिऑर्डमध्ये, म्हणजे अरुंद खाडीत, नारव्हाल उन्हाळ्यात येतात. शिकाऱ्यांकडे मोटारबोटी आहेत, बंदुका आहेत. तरी नियम असा की नारव्हालच्या मागे जायचं ते कायाकमधून, आणि बंदूक उचलायच्या आधी हातातला भाला लागला पाहिजे.

म्हणजे नेमकं काय करायचं? मोटारबोट लांब ठेवायची. अरुंद, हलक्या कायाकमध्ये बसून तरंगत राहायचं. कळप जवळून जाऊ लागला की मागच्या बाजूने वल्ह्याचा आवाज न करता त्याला गाठायचं. वल्ह्याचं पातं पाण्यातून काढताना थेंबसुद्धा वाजू द्यायचा नाही. पुरेसं जवळ गेल्यावर भाला फेकायचा. भाल्याचं टोक दांड्यापासून सुटतं, कातड्याखाली जाऊन आडवं होतं आणि घट्ट रुततं. त्याला बांधलेली दोरी सरसर उलगडते आणि दोरीच्या शेवटी असतो सीलच्या कातड्याचा हवा भरलेला फुगा. नारव्हाल बुडी मारतो, पण फुगा त्याला दमवतो आणि तो कुठे आहे हेही दाखवत राहतो. त्यानंतरच बंदूक. नुसत्या बंदुकीने मारलं तर जखमी जनावर बुडून हातचं जातं. जीव जातो आणि अन्नही जात नाही पोटात. भाला आधी लावला की तसं होत नाही. शिवाय मोटारीच्या घरघरीने कळप फिऑर्ड सोडून पळत नाहीत. पहिला भाला ज्याचा, त्याचा वाटा ठरलेला. मदतीला आलेल्यांचे वाटेही ठरलेले. नारव्हालची कातडी चरबीसकट खातात, तिला मत्ताक म्हणतात. भाजीपाला नसलेल्या या मुलखात क जीवनसत्त्व मिळतं ते तिच्यातून.

वेगवान साधन हाताशी असताना मुद्दाम संथ साधन वापरायचं, हा निर्बंध या माणसांनी स्वतःवर घालून घेतला आहे. निसर्गरक्षणाचा याहून सुंदर कायदा माझ्या वाचनात नाही.

पण बाहेरच्या जगाने या माणसांकडे पाहिलं ते फार वेगळ्या नजरेने. १९५३ हे साल या पाण्याच्या दोन्ही काठांवर कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी ग्रीनलँडच्या बाजूला अमेरिकेचा थुले हवाई तळ वाढवायचा होता, म्हणून उमानाक इथल्या २७ कुटुंबांना, ११६ माणसांना, थोडक्या दिवसांच्या मुदतीत घरं सोडायला लावली आणि सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेला पाठवलं. आजचं कानाक वसलं ते असं. त्याच वर्षी पलीकडच्या काठावर कॅनडा सरकारने क्वेबेकमधल्या इनुकजुआकची कुटुंबं सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेला एल्झमिअर बेटावर आणून सोडली, कारण शीतयुद्धाच्या काळात त्या ओसाड बेटावर आपली माणसं राहतात हे जगाला दाखवायचं होतं. ज्यांनी महिनोन्महिने चालणारी रात्र कधी पाहिली नव्हती अशी ही माणसं. नको वाटलं तर दोन वर्षांनी परत नेऊ, हा शब्द पाळला गेला नाही. त्यातून ग्रीझ फिऑर्ड हे कॅनडातलं सर्वांत उत्तरेकडचं गाव उभं राहिलं. ग्रीनलँड ज्याच्या अखत्यारीत आहे त्या डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९९९ मध्ये माफी मागितली, कॅनडा सरकारने २०१० मध्ये. या माफीच्या बऱ्याच आधी, जानेवारी १९६८ मध्ये, चार अणुबाँब घेऊन जाणारं अमेरिकेचं बी-५२ विमान थुलेजवळच्या बर्फावर कोसळलं आणि किरणोत्सर्गी द्रव्य त्या बर्फावर पसरलं. साफसफाईच्या कामाला इनुघुइट आपल्या कुत्र्यांच्या गाड्या घेऊन गेले होते.

ग्रीझ फिऑर्ड आणि कानाक ही गावं बर्फावरून एकमेकांची शेजारी. एकमेकांत नाती आहेत. पण मध्ये दोन देशांची हद्द आली, आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तिच्यावरचे नियम आणखी आवळले गेले. ज्या वाटेने कित्लार्सुआक आला ती वाट आता पासपोर्टच्या तपासणीत अडकली. रीतसर विमानाने जायचं तर कित्येक वर्षं कोपनहेगनला वळसा घालून दुसऱ्या खंडातून यावं लागायचं.

आणि कमानीचं काय? २००७ साली ती धरलीच नाही. सगळा हिवाळा सामुद्रधुनी उघडी राहिली आणि उत्तरेचा जाड बर्फ दक्षिणेकडे वाहत गेला. २०१७ मध्ये ती मे महिन्यातच फुटली, नेहमीपेक्षा दोन महिने आधी. समुद्रावरचा बर्फ पातळ होतोय आणि पातळ तुकड्यांची कमान भार पेलत नाही. कमान नसेल तर फक्त पॉलिन्या जाते असं नाही. आर्क्टिकमधला सर्वांत जुना, कित्येक उन्हाळे न वितळता टिकलेला बर्फ नेअर्सच्या वाटेने खाली वाहून नाहीसा होतो. एका बुचावर दोन्हीकडचा बर्फ अवलंबून आहे.

बर्फ कमी झाला की मागोमाग जहाजं येतात, आणि तेल शोधणारेही येतात. २०१४ मध्ये कॅनडाच्या ऊर्जा मंडळाने बॅफिन उपसागरात भूकंपीय चाचण्यांना परवानगी दिली. समुद्रात हवेच्या तोफांचे प्रचंड आवाज काढून तळाखालचं तेल शोधायचं, तेही पाच वर्षं. आवाजाच्या आधारावर जगणाऱ्या नारव्हालच्या घरात. क्लाइड रिव्हर या सुमारे हजार वस्तीच्या इनुइट गावाने त्याला विरोध केला. सुनावणीत गावकऱ्यांनी साधे प्रश्न विचारले होते: आमच्या प्राण्यांवर याचा परिणाम काय होईल? कंपन्यांकडून उत्तर आलं ते ३,९२६ पानांचं. बहुतांश इंग्रजीत, इनुइटांच्या इनुक्तितुत भाषेत भाषांतर नाममात्र. ते मंडळाच्या संकेतस्थळावर टाकलं होतं, आणि गावातलं इंटरनेट इतकं मंद की ते उतरवून घेणंही अनेकांना शक्य नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ जुलै २०१७ रोजी न्यायालयाने एकमताने ती परवानगी रद्द केली. इनुइटांशी खरीखुरी सल्लामसलत झालीच नाही, असा निष्कर्ष काढताना ही हजारो पानंही न्यायालयाने विचारात घेतली.

या लढ्यात गावाला ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने साथ दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १९७० आणि ८० च्या दशकांत सीलच्या शिकारीविरुद्ध चाललेल्या मोहिमांनी, ज्यांत ग्रीनपीसही होती, कातड्याचा बाजार कोसळला होता. त्याची झळ सर्वाधिक बसली ती इनुइट घरांना, जरी मोहिमा मुळात दुसरीकडच्या व्यापारी शिकारीविरुद्ध होत्या. २०१४ मध्ये ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने त्याबद्दल इनुइटांची जाहीर माफी मागितली. एवढं सोसूनही गावाने त्यांचा हात हातात घेतला. ‘प्राणी वाचवायचे’ म्हणजे ‘माणसांना तिथून दूर ठेवायचं’ हे समीकरण किती कच्चं आहे, ते दोन्ही बाजूंनी पाहून घेतलं होतं.

इनुइट सर्कम्पोलर कौन्सिल ही अलास्का, कॅनडा, ग्रीनलँड आणि रशियाचा चुकोत्का प्रांत इथल्या सुमारे १,८०,००० इनुइटांची संघटना. १९७७ मध्ये ती सुरू झाली. २०१६ मध्ये तिने पिकिआलासोरसुआक आयोग नेमला. तिघे आयुक्त, तिघेही इनुइट: संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्ष ओकालिक ईगीसिआक, कॅनडातल्या नुनावुत प्रदेशाच्या माजी सरकारप्रमुख इव्हा आरिआक आणि ग्रीनलँडचे माजी पंतप्रधान कूपिक क्लाइस्ट. आयोग दोन्ही काठांवरच्या गावांत फिरला. जेमतेम काही डझन वस्तीच्या सिओरापालुकपासून पाँड इनलेटपर्यंतच्या शिकाऱ्यांचं म्हणणं ऐकलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहवाल आला. त्याचा गाभा असा: या पाण्याची देखरेख इनुइटांच्या हाती असावी, दोन्ही देशांच्या इनुइटांनी मिळून ती चालवावी, आणि या प्रदेशात इनुइटांना मोकळेपणी ये-जा करता यावी.

पिकिआलासोरसुआकपासून थोडं नैर्ऋत्येला, कॅनडाच्या हद्दीत, अशी एक व्यवस्था प्रत्यक्ष आकाराला आलेलीही दिसते. तालुरुतिउप इमांगा, म्हणजे नकाशावरचा लँकेस्टर साउंड. तिथे १९७० च्या दशकापासून तेल खोदायच्या योजना घिरट्या घालत होत्या. २०१० मध्ये किकिकतानी इनुइट असोसिएशनने न्यायालयात जाऊन तिथल्या भूकंपीय चाचण्यांना स्थगिती मिळवली. २०१६ मध्ये शेल कंपनीने तिथले जुने शोधपरवाने सोडून दिले. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यात करार होऊन सुमारे १,०८,००० चौरस किलोमीटरचं सागरी संवर्धन क्षेत्र ठरलं. या करारात राखणीचं काम पगारी नोकरी म्हणून आलं, आणि तीही शिकाऱ्यांनाच. त्यांना नाउत्तिकसुकतिइत म्हणतात. आधी आर्क्टिक बे या गावी प्रयोग झाला, मग आसपासच्या गावांत पसरला.

हे लोक दिवसभर करतात काय? बर्फावर जातात. लोखंडी टोकाच्या दांड्याने बर्फावर ठोका मारायचा, आवाज ऐकायचा, टोक किती आत गेलं ते पाहायचं. काळपट दिसणाऱ्या भागापासून लांब राहायचं. हे वडिलांकडून शिकलेलं. त्याच्या जोडीला आता स्नोमोबाइलमागे गाडीवर ओढत नेलेलं यंत्र बर्फाची जाडी मोजतं आणि ती माहिती गावातल्या सगळ्यांना मिळते. कुठे कळप दिसला, कोणतं जहाज कुठून गेलं, कुठे बर्फाला नवी भेग पडली, याची नोंद होते. आणि ते शिकार करतात. मिळालेलं मांस गावात वाटलं जातं, ज्या म्हाताऱ्यांच्या घरी शिकारीला जाणारं कुणी उरलं नाही त्यांनाही. मला या योजनेतली सगळ्यांत शहाणी गोष्ट हीच वाटते. शिकाऱ्याला शिकारी म्हणूनच पगार. पेट्रोल आणि गोळ्या परवडत नाहीत म्हणून जी तरुण मुलं बर्फावर जाणं सोडत होती, त्यांना बर्फावर जायचं कारण मिळालं. आणि जो रोज तिथे असतो त्यालाच बदल आधी कळतो.

सगळं जिंकलं असं मात्र झालेलं नाही. बॅफिन बेटावरच्या मेरी रिव्हर लोहखाणीची जहाजं याच पट्ट्यातून जातात. पाँड इनलेटचे शिकारी सांगत होते की नारव्हाल पूर्वीसारखे येत नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये काही शिकाऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवून धरला. खाणीला वर्षाला ६० लाखांवरून १ कोटी २० लाख टनांवर जायचं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने तो विस्तार नाकारला. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर २०२१ मध्ये, इनुइट सर्कम्पोलर कौन्सिलला आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत सल्लागाराचा तात्पुरता दर्जा मिळाला होता. असा दर्जा मिळवणारी ही पहिलीच आदिवासी संघटना. जहाजांचे नियम जिथे ठरतात तिथे समुद्राच्या काठावर राहणाऱ्यांचा आवाज पोचायला २०२१ साल उजाडावं लागलं.

नेअर्स सामुद्रधुनीच्या मधोमध तार्तुपालुक नावाचं सव्वा चौरस किलोमीटरचं उघडंबोडकं बेट आहे. त्याच्या मालकीवरून कॅनडा आणि डेन्मार्क यांच्यात कित्येक दशकं वाद होता. १४ जून २०२२ रोजी दोघांनी ते वाटून घेतलं. त्या करारात नुनावुत आणि कानाक परिसरातल्या इनुइटांनी शिकारीसाठी तिथे पूर्वीप्रमाणे यावं-जावं, ही गोष्ट नोंदवली गेली. एवढ्याशा खडकापुरतं मान्य झालेलं हे तत्त्व साऱ्या ८५,००० चौरस किलोमीटरला लागू व्हावं, एवढंच तर आयोगाने पाच वर्षं आधी मागितलं होतं: कुत्र्यांची गाडी जुंपून पलीकडच्या नातेवाइकांकडे जाता यावं, आणि त्या वाटेवरून कुणाचं जहाज कधी, किती वेगाने जाईल हे ठरवताना दोन्ही काठांवरच्या शिकाऱ्यांना आधी विचारलं जावं.